गाडी धुणाऱ्या पाण्याचा हिशेब
सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग सेंटर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैशाखात धुळीचा थर आणि आषाढात काळ्या मातीचा चिखल, अशी दोन्ही टोके ज्या शहरातील वाहनांना दरवर्षी सोसावी लागतात, त्या नागपुरात गाड्या धुण्याचा व्यवसाय चालेल की नाही, अशी शंका सहसा कोणी घेत नाही. आणि म्हणूनच वर्धा मार्ग, अमरावती मार्ग किंवा हिंगणा मार्ग यांच्या कडेला एखादे चालते वॉशिंग सेंटर विकाऊ आहे असे कळताच, थोडीफार शिल्लक गाठीशी असलेल्या माणसाचे लक्ष तिकडे वळणे स्वाभाविक आहे. असे जुने केंद्र घ्यावे, त्याचे सेल्फ-सर्व्हिस केंद्रात रूपांतर करावे, ग्राहकाने क्यूआर कोडवर पैसे भरून ठरावीक मिनिटांपुरती गन हाती घ्यावी आणि आपली गाडी आपणच धुवावी, ही कल्पना मुळात चांगली आहे. परंतु ती अमलात आणताना नवा मालक आपले पहिले पैसे फलक, रंगरंगोटी आणि पंप यांवर खर्च करतो, आणि ज्या एका वस्तूवर हा सारा व्यवसाय उभा आहे तिचा, म्हणजे पाण्याचा, विचार सर्वांत शेवटी करतो. पाणी कोठून येते, अंगात काय घेऊन येते आणि काम झाल्यावर कोठे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी मिळवली, त्याचे पुढचे बहुतेक निर्णय आपोआप बरोबर येतात. प्रचलित गैरसमजांची छाननी येथे त्याच दृष्टीने केली आहे.

गैरसमज पहिला : खरेदीखत झाले, की परवानेही आपल्या नावावर आले.

वस्तुस्थिती अशी, की खरेदीखताने मालमत्ता येते. परवानगी येत नाही. सांडपाणी बाहेर सोडणारा कोणताही व्यवसाय उभारण्यास आणि चालवण्यास १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाच्या कलम २५ खाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते; ही संमती पूर्वीच्या मालकाच्या नावाने, ठरावीक मुदतीची आणि ठरावीक क्षमतेची असते. म्हणून विक्रेत्याकडून तिची प्रत मागून घ्यावी, मुदत पाहावी, आणि नाव बदलण्याची व क्षमता वाढणार असल्यास तशी नोंद करून घेण्याची दरखास्त व्यवहाराबरोबरच दाखल करावी. नागपुरात जागेचाही प्रश्न असतो. जागा नझूलची, म्हणजे सरकारी, असेल, किंवा १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याची असेल, तर पट्टा हस्तांतरित होतो का आणि त्यावर हा वापर चालतो का, हे आखीव पत्रिका आणि पट्ट्याच्या अटी समोर ठेवून वाचावे. वीजजोडावर मागची थकबाकी नाही ना हे पाहणे, आणि जिला व्यापारी अजूनही गुमास्ता म्हणतात ती दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंद नव्या नावाने करून घेणे, ही दोन्ही कामे लहान दिसतात. परंतु ती राहून गेली, तर हंगामाच्या ऐन भरात हेलपाटे घालावे लागतात.

गैरसमज दुसरा : पंप जितका मोठा, तितकी गाडी स्वच्छ.

पंप स्वतः दाब निर्माण करतो, ही समजूत अर्धवट आहे. प्लंजर पंप प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ तेवढेच पाणी पुढे ढकलतो. ते पाणी नोझलच्या बारीक छिद्रातून जाताना अडते आणि त्या अडण्यातून दाब उत्पन्न होतो. गाळ आणि क्षार यांनी ते छिद्र हळूहळू झिजते. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर छिद्राचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि पूर्वी जेथे १०० बार दाब होता, तेथे ७० बारही उरत नाही. मालकाला वाटते पंप म्हातारा झाला; तो लाखाच्या घरातील नव्या यंत्राची चौकशी करू लागतो, आणि दोष मात्र चिमटीत मावणाऱ्या एका पितळी तुकड्यात असतो.

याची परीक्षा कोणालाही करता येते. पंधरा लिटरची बादली घ्यावी, गन तिच्यात धरून चालवावी, आणि घड्याळ लावून ती किती सेकंदांत भरते ते पाहावे. त्याच वेळी पंपावरील दाबमापकाकडे लक्ष ठेवावे. मिनिटाला पंधरा लिटर देणाऱ्या पंपाने बादली एका मिनिटात भरली आणि तरीही दाब कमी दिसला, तर नोझल बदलावे. बादली भरायलाच दीड मिनिट लागले, तर दोष पंपाच्या सीलमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, पाणी परतवणाऱ्या बायपासमध्ये किंवा पाणी खेचणाऱ्या बाजूच्या तुंबलेल्या जाळीत शोधावा. शिवाय दाब वाढवणे नेहमीच हितकारक नसते. गन रंगापासून वीतभराहून अधिक अंतरावर ठेवावी, टायरच्या कडेवर अगदी जवळून धार मारू नये, आणि शून्य अंशाचे, एकाच रेषेत धार सोडणारे लाल नोझल ग्राहकाच्या हाती कधीही देऊ नये. पंचवीस किंवा चाळीस अंशांचा पसरट फवारा गाडीच्या अंगाला पुरेसा असतो.

गैरसमज तिसरा : घरी गाडी धुतली, की पाणी वाचते.

हे घरी कसे धुतो यावर अवलंबून आहे. अंगणातील नळाला लावलेल्या रबरी नळीतून मिनिटाला पंधरा लिटर पाणी येते असे धरले आणि ती दहा मिनिटे चालू राहिली, तर दीडशे लिटर पाणी जाते. मिनिटाला दहा लिटर देणारी गन घोडा दाबल्यावरच चालते. ती प्रत्यक्षात सहा मिनिटे चालली, तर साठ लिटर लागते. बादली आणि फडके घेऊन बसणारा काटकसरी माणूस तीन बादल्यांत, म्हणजे पंचेचाळीस लिटरांत, काम भागवतो, आणि केवळ पाण्याच्या मापाने पाहिले तर त्याचाच विजय होतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच्या फडक्यात अडकलेला वाळूचा कण रंगावर ओरखडे काढतो, आणि त्याच्या बादलीतील तेलकट पाणी थेट रस्त्यावर व तेथून पावसाळी नालीत जाते. धुलाई केंद्राचे खरे समर्थन कमी पाण्यात नाही. वापरलेले पाणी एका जागी गोळा करता येते, यात आहे. जे केंद्र तेवढेही करत नाही, त्याला हे समर्थन लागू पडत नाही.

गैरसमज चौथा : बोअरवेलचे पाणी फुकट, आणि सॉफ्टनर लावला की डागांची चिंता नाही.

पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांच्यावर ज्याची तहान भागते, त्या या शहराने २०१९ च्या पावसाळ्यात, पाऊस लांबल्यामुळे, दिवसाआड पाणीपुरवठ्याची वेळ अनुभवली आहे. तेव्हा पिण्याच्या पाण्यावर गाड्या धुणे योग्य नाही, हे नव्या मालकाला सांगावे लागत नाही आणि तो बोअरवेलकडे वळतो. परंतु खडकातून येणारे पाणी खडकाचा अंश घेऊनच येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकार्य मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. विरघळलेल्या एकूण पदार्थांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेले अर्धा लिटर पाणी गाडीच्या अंगावर वाळले, तर अर्धा ग्रॅम क्षार तेथेच राहतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला असताना ते पाणी पुसायला हात पोचण्यापूर्वीच वाळलेले असते.

सॉफ्टनर हा क्षार काढून टाकत नाही, त्याची अदलाबदल करतो. त्यातील रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्यांच्या जागी सोडियम सोडते. त्यामुळे साबणाला फेस चांगला येतो, पाइपात क्षारांचा थर धरत नाही, आणि पडलेला डाग ओल्या कापडाने निघतो. पण डाग पडायचा थांबत नाही. तो थांबवायचा असेल, तर शेवटच्या धारेपुरते आरओचे पाणी, किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. काचेच्या एका तुकड्यावर बोअरवेलचा, सॉफ्टनरचा आणि पावसाच्या पाण्याचा असे तीन थेंब शेजारी शेजारी ठेवून उन्हात वाळू द्यावेत. पहिला थेंब पांढरे, खरखरीत कडे मागे ठेवतो. दुसऱ्याचे कडे बोटाने पुसले जाते. तिसऱ्याची जागा शोधावी लागते. अशी काच केंद्रात ठेवली, तर ग्राहकालाही शेवटच्या धारेचे वेगळे पैसे कशाचे, हे न बोलता कळते.

गैरसमज पाचवा : पाणी शेवटी गटारातच जाणार, सांडपाण्याचा खड्डा केवळ तपासणीपुरता.

या सर्व गैरसमजांत हा सर्वांत घातक आहे. ज्या नदीने या शहराला नाव दिले, ती नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे; म्हणजे हिंगणा मार्गावर नालीत सोडलेले ग्रीस, ज्या पाण्यावर पूर्व विदर्भातील शेतकऱ्याची भिस्त आहे, त्या पाण्याच्या वाटेला लागते.

म्हणून वापरलेले पाणी नालीत जाण्याआधी ज्यात निवळते, तो खड्डा तीन कप्प्यांचा असावा. पहिल्यात वाळू आणि खडे बसतात. दुसऱ्यात तेल वर तरंगते. म्हणून त्यातून पुढे जाणारा पाइप उलट्या कोपराचा असावा, ज्याचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या बरेच खाली बुडालेले असते, म्हणजे वरचा तेलाचा थर मागेच राहतो आणि खालचे पाणी पुढे जाते. तिसऱ्यात निवळलेले पाणी येते. येथे विदर्भाची काळी माती वेगळी अडचण निर्माण करते. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे एक सेंटीमीटर खाली जातो. चिकणमातीच्या दोन सहस्रांश मिलिमीटरच्या कणाला तेवढेच अंतर कापायला जवळजवळ एक तास लागतो. त्यामुळे पावसाळ्यात खड्डा कितीही मोठा असला, तरी पाणी गढूळच राहते, आणि तेथे आपल्या आज्या गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवत असत तोच उपाय, मोजून मापून, करावा लागतो. तुरटीने सुटे कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. त्यानंतर वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर लावला, तर हे पाणी चाके, गाडीची खालची बाजू आणि पहिली धार यांसाठी पुन्हा वापरता येते. फिल्टरने विरघळलेले क्षार जात नाहीत, ते प्रत्येक फेऱ्यात वाढत जातात. म्हणून शेवटची धार नेहमी ताज्या पाण्याची असावी आणि सॉफ्टनर धुतलेले खारट पाणी या पुनर्वापराच्या पाण्यात कधीही मिसळू नये.

वापरलेले पाणी ग्राहकाला आवडणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र ज्या जिल्ह्यात चालते, तेथील माणसाला पाण्याच्या पुनर्वापराचे महत्त्व पटवून देणे कठीण जाऊ नये. मात्र खड्ड्याचे तोंड रस्त्याच्या पातळीहून उंच बांधावे. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तशी रात्र पुन्हा आली, तर उघड्या खड्ड्यातील तेल लोकांच्या घरात जाईल. गाळ काढण्यासाठी माणूस खड्ड्यात उतरवू नये. कोंडलेल्या खड्ड्यातील वायू जीव घेतो. तेथे गाळ खेचणारा पंपच वापरावा, आणि तेलकट गाळ व निघालेले जुने तेल अधिकृत प्रक्रियादाराच्या स्वाधीन करून त्याची पावती दफ्तरी ठेवावी.

गैरसमज सहावा : गाडीच्या खालच्या बाजूला डिझेल मारले, की गंज धरत नाही.

ही प्रथा जुनी आहे आणि नव्या मालकाला ती केंद्राबरोबर वारशाने मिळते. डिझेलचा पातळ थर काही दिवस चकाकतो, धूळ धरतो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. मधल्या काळात तो रबरी बुशना फुगवतो आणि खड्ड्यात उतरून पाण्याच्या पुनर्वापराची सारी तजवीज बिघडवतो. गंजापासून संरक्षण हवे असेल, तर त्यासाठी बनवलेले अंडरबॉडी कोटिंग आहे. कपड्यांच्या धुण्याच्या पावडरीचेही तसेच: ती तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे मळाबरोबर रंगावरील मेणाचा थरही काढते. सौम्य शॅम्पूचा डबा महाग दिसतो. परंतु तो पाण्यात पुष्कळ पातळ करून वापरायचा असतो, हे हिशेबात धरावे.

गैरसमज सातवा : सेल्फ-सर्व्हिस म्हणजे माणसांविना चालणारा धंदा.

ग्राहक स्वतः गाडी धुणार, म्हणून कामगार नको, असे मानणाऱ्याने ओल्या फरशीवर, विजेच्या सान्निध्यात, अनोळखी माणसाच्या हाती शंभर बारची धार देण्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ग्राहकाच्या हाताला लागणारी बटणे २४ व्होल्टची असावीत, मोटारी स्वतंत्र कोरड्या खोलीत असाव्यात, अर्थिंगची दरवर्षी तपासणी व्हावी आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक यंत्र गाडी धुण्याच्या प्रत्येक जागेला असावे. फरशीचा उतार नालीकडे असावा, आणि वर छप्पर असावे. कारण तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळला, तर त्याचे दोषारोप केंद्रावरच येतात. एवढे करूनही, पहिल्यांदा आलेल्या गृहस्थाला फेस खालून वर चढवावा आणि धार वरून खाली आणावी, असे सांगणारा एक जाणता माणूस तेथे लागतोच. जुन्या केंद्रात दहा-बारा वर्षे रॅम्पवर उभा राहिलेला कामगार बहुधा विक्रीच्या वेळी कमी केला जातो. खरे पाहता पंपाचा बदललेला आवाज त्याच्याइतका लवकर कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि केंद्राच्या मालमत्तेच्या यादीत न लिहिलेली ही सर्वांत मोलाची बाब असते.

नव्या मालकाने ताबा घेतल्याच्या पहिल्या सकाळी फलक रंगवणाऱ्याला बोलावण्याआधी खड्ड्याचे झाकण बाजूला करून आत पाहावे. वर तेलाचा थर किती बोटे आहे, गाळ किती वर आला आहे, उलट्या कोपराचा पाइप जागेवर आहे की कधीच तुटून गेला आहे, एवढ्यावरून मागच्या मालकाने हा व्यवसाय कसा केला ते समजते. आणि त्या दिवसापासून दर आठवड्याला त्याच झाकणाखाली पाहण्याची शिस्त ठेवली, तर आपण तो कसा करत आहोत, हेही तेथेच कळत राहील.