२०३८ चं संकट, डोकेदुखी २०२४ मध्येच! लिनक्सची हजारो पॅकेजेस पुन्हा का बनवावी लागली?

१९ जानेवारी २०३८. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला अनेक जुन्या ३२-बिट यंत्रांमधलं घड्याळ थेट १३ डिसेंबर १९०१ वर जाऊ शकतं. ही यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि त्यांच्याकडे २,१४७,४८३,६४७ या आकड्यापुढे जागाच नाही.

उपाय सोपा वाटतो. वेळेसाठी ३२ ऐवजी ६४ बिट जागा द्यायची. हाच बदल डेबियन या लिनक्स प्रणालीने २०२४ च्या सुरुवातीला हाती घेतला आणि त्यानंतर अनेक आठवडे तिची विकासाधीन आवृत्ती विस्कळीत झाली होती.

अडचण नेमकी कुठे आली?

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही. एन्क्रिप्शन, आवाज, फोटो उघडणं ही कामं सामायिक लायब्ररी करतात. एक लायब्ररी, तिच्यावर अवलंबून शेकडो प्रोग्रॅम. फायदा असा की लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली तर एकच फाइल बदलावी लागते.

पण लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांच्यात माहितीच्या मापाचा अलिखित करार असतो. बँकेच्या स्लिपवर तारखेला चार चौकोन आहेत आणि कारकून आठ अंक लिहितोय असं समजा. उरलेले अंक शेजारच्या रकमेच्या रकान्यात घुसणार! इथेही तसंच होतं. लायब्ररी नवी आणि प्रोग्रॅम जुना असेल, तर तारीख चुकतेच, शिवाय शेजारची माहितीही बिघडते. प्रोग्रॅम लगेच बंद पडला तर नशीब समजा. तो चालू राहिला तर चूक सापडायला महिने जातात.

एरवी असा करार मोडला की लायब्ररी बनवणारेच तिचा क्रमांक बदलतात. मग जुनी आणि नवी दोन्ही शेजारी शेजारी नांदतात आणि प्रोग्रॅम एकेक करून नव्या क्रमांकावर येतात. या वेळी मूळ कोड बदललाच नव्हता. बदललं होतं फक्त माप. त्यामुळे डेबियनने पॅकेजच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट जोडलं. उदाहरणार्थ, ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. आतल्या फाइलचं नाव मात्र तेच राहिलं, म्हणून दोन्ही एकत्र बसवता येत नाहीत. परिणामी शेकडो लायब्ररी आणि त्यांच्यावरची हजारो पॅकेजेस एकाच लाटेत नव्याने तयार करावी लागली.

त्यातच २९ मार्च २०२४ रोजी ‘एक्सझेड’ या लायब्ररीत लपवलेला चोरदरवाजा उघड झाला. डेबियनवर आधारित उबुंटूने खबरदारी म्हणून पॅकेजेस पुन्हा बनवली आणि २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली.

वापरकर्त्यांना काय जाणवलं?

६४-बिट संगणकांवर घड्याळ आधीच ठीक होतं, पण पॅकेजची नावं तिथेही बदलली. त्यामुळे उबुंटू २४.०४ वर ‘लिबअसाउंड२’ हे आवाजाचं पॅकेज जुन्या नावाने मागणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट अडकल्या. उपाय काय, तर नावापुढे टी६४ लिहा! इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी लोकांनी तासन् तास घालवले.

लिनक्स वापरत असाल तर अशा काळात एक सवय उपयोगी पडते. ‘एपीटी अपग्रेड’ आधीचं कोणतंही पॅकेज काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र काढू शकतं. ‘वाय’ दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचा. त्यात अख्खा डेस्कटॉप दिसला तर थांबा आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. तोवर उरलेली पॅकेजेस बहुधा तयार झालेली असतात.

९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये हा बदल पूर्ण झाला. अपवाद फक्त जुन्या इंटेल पद्धतीच्या ३२-बिट आवृत्तीचा. तिचा मुख्य उपयोग जुने प्रोग्रॅम आणि गेम चालवण्यासाठी होतो आणि माप बदललं असतं तर नेमके तेच बंद पडले असते. तिथलं घड्याळ २०३८ पर्यंतच चालेल.