आधी माणसं, मग मतं

लेखमाला : जाळ्यातली पोरं – भाग ४

२०११ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेरा शहरात नवनाझींचा संगीत महोत्सव भरला होता. तिथे जमलेल्या पोरांना टी-शर्ट फुकट वाटले गेले. काळं कापड, वर कवटी आणि 'कट्टर बंडखोर' अशा अर्थाची अक्षरं. पोरांनी हौसेने उचलले. घरी गेल्यावर पहिली धुलाई झाली आणि कवटी पाण्याबरोबर निघून गेली. तिच्याखाली दुसराच मजकूर निघाला : तुझ्या टी-शर्टला जे जमलं ते तुलाही जमेल, यातून सुटायला आम्ही मदत करतो. सोबत 'एक्झिट-डॉइचलंड' या संस्थेचं नाव. असे २५० टी-शर्ट होते. ही संस्था २००० साली दोघांनी मिळून काढली. बेर्न्ड वाग्नर हे पोलीस खात्यात राहिलेले, तर इंगो हासेलबाख हा एके काळचा नवनाझी म्होरक्या.

युक्ती झकास होती आणि जगभर गाजली. मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नाझी विचार कसे चूक आहेत, याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नव्हतं. फक्त दार कुठे आहे ते सांगितलं होतं.

गेल्या तीन भागांत आपण यंत्रणा पाहिली : शिफारशी, गुप्त ग्रुप, मीम. आज माणसांकडे येऊ. पोरगं आत कसं जातं आणि बाहेर कसं येतं?

वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे अमेरिकेतला कोळसा खाणींचा, आता उतरती कळा लागलेला मुलूख. केलब केन हा तिथला तरुण. आजी-आजोबांकडे वाढलेला, हुशार पण बुजरा. कॉलेज अर्ध्यावर सुटलं, खिशात दमडी नाही, मन खचलेलं. २०१४ च्या अखेरीला तो यूट्यूबवर जे शोधत होता ते राजकारण नव्हतंच. आपली गाडी रुळावर कशी येईल, एवढाच त्याचा प्रश्न होता. अशा वेळी यूट्यूबने त्याच्यापुढे आणून ठेवला स्टीफन मॉलिन्यू नावाचा कॅनडातला वक्ता. आत्मविश्वास कसा कमवावा, मुलींशी कसं वागावं, असं वडीलकीच्या सुरात सांगणारा. मग हळूच स्त्रीवादी बायका, मग स्थलांतरित, आणि शेवटी वंश आणि बुद्ध्यांक. आधी मलम लावायचं आणि नंतर जखम कोणी केली त्याचं नाव सांगायचं, असा हा क्रम. पुढे केनने आपला यूट्यूबवरचा सगळा इतिहास 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार केव्हिन रूस यांच्या हवाली केला. त्यात १२,००० हून जास्त व्हिडिओ निघाले. जून २०१९ मध्ये ती हकीकत छापून आली आणि यूट्यूबवर टीकेची झोड उठली.

कंपनीचा दोष आहेच. २०१२ मध्ये तिने शिफारशींचा निकष बदलला. किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला वजन दिलं, आणि राग माणसाला जितका वेळ खिळवून ठेवतो तितकं दुसरं फारसं काही ठेवत नाही. २०१९ मध्ये शिफारशींना थोडी चाळणी लागली. पण सगळं खापर यंत्रावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही. चाळणीनंतरच्या काळाचा एक अमेरिकी अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आला. त्यात दिसलं की असले चॅनेल पाहणारे बहुतेक जण त्या किंवा तत्सम चॅनेलचे आधीपासूनचे सबस्क्रायबर होते आणि स्त्रियांबद्दल, इतर वंशांबद्दल आकस मनात घेऊनच तिथे आले होते. म्हणजे कोणीतरी नुसत्या कुतूहलाने व्हिडिओ पाहायला गेला आणि यंत्राने त्याला खेचून नेलं, असं क्वचितच घडत होतं. आत जाणाऱ्याच्या मनात आधीच एक रिकामी खोली असते. भाडेकरू कोण मिळतो, हा नंतरचा भाग.

आपल्याकडचं उदाहरण फार जुनं नाही. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं ॲप समोर आलं. शंभराहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावाला' लावलेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबईच्या सायबर पोलिसांनी देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पहिल्यांदा ज्या तिघांना पकडलं, ते १८ ते २१ वयाचे. अनेकांना धक्का बसला तो या वयाचा. बसायला नको होता. असल्या कंपूत जो जास्त किळसवाणं बोलेल त्याची वट जास्त. घरात आणि वर्गात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला रात्री दोन वाजता टोपणनावाखाली दाद मिळते. त्या दादेसाठी पोरं काय काय करतील, याला सीमा नाही.

आता बाहेर येण्याबद्दल. इथे मला डेरेक ब्लॅक यांची गोष्ट सविस्तर सांगायची आहे, जरी ती जाळ्यात 'पडण्याची' गोष्ट नसली तरी. डेरेक यांचा जन्मच जाळ्यात झाला. वडील डॉन ब्लॅक हे कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णवादी संघटनेचे माजी पुढारी आणि 'स्टॉर्मफ्रंट' या इंटरनेटवरच्या गोऱ्या वर्णवाद्यांच्या पहिल्या मोठ्या अड्ड्याचे संस्थापक. क्लॅनचा दुसरा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक हा डेरेक यांचा धर्मपिता. दहाएक वर्षांच्या वयात डेरेक यांनी स्टॉर्मफ्रंटचं मुलांसाठीचं पान तयार केलं होतं. चळवळीचा वारसदार ठरलेलाच होता.

२०१० मध्ये डेरेक यांनी फ्लोरिडातल्या न्यू कॉलेज या लहानशा, उदारमतवादी कॉलेजात प्रवेश घेतला, घरची ओळख झाकून. २०११ मध्ये एका विद्यार्थ्याने ती चव्हाट्यावर आणली आणि कॅम्पस पेटला. बोलणं बंद, समोरून येताना तोंड फिरवणं, हकालपट्टीची मागणी. त्याच सुमाराला मॅथ्यू स्टीव्हन्सन नावाच्या कर्मठ ज्यू विद्यार्थ्याने डेरेक यांना शुक्रवारच्या शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रामदिनाच्या, जेवणाला बोलावलं. स्टीव्हन्सनने डेरेक यांचं स्टॉर्मफ्रंटवरचं लिखाण वाचलेलं होतं. ज्यूंबद्दल तिथे काय लिहिलं जातं हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. तरी बोलावलं, आणि इतर पाहुण्यांना बजावलं की नीट वागा. काही नेहमीचे पाहुणे त्या दिवशी फिरकलेच नाहीत. डेरेक वाइनची बाटली घेऊन हजर. जेवताना वर्णवादाचा विषय कोणी काढला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. महिनोन्महिने नुसतं जेवण आणि गप्पा.

वाद झाला, पण खूप नंतर, आणि स्टीव्हन्सनशी नव्हे. त्याच्या घरात राहणारी ॲलिसन गॉर्निक आधी डेरेक यांचा तिटकारा करायची. ओळख झाल्यावर तिने एकेक दावा सोलायला घेतला : बुद्ध्यांक, गुन्हेगारीचे आकडे, भेदभावाचे परिणाम. ती अभ्यास पुढे ठेवायची, डेरेक यांचं उत्तर यायचं, ती पुन्हा नवा कागद काढायची. भर म्हणून डेरेक शिकत होते मध्ययुगीन युरोपचा इतिहास, आणि ज्या 'गोऱ्या वंशा'चं पुरातन वैभव लहानपणापासून ऐकलेलं, त्याचा त्या काळातल्या माणसांना पत्ताही नव्हता. जुलै २०१३ मध्ये डेरेक यांनी चळवळीशी नातं तोडणारं जाहीर पत्र लिहिलं. वडिलांना आधी वाटलं, पोराचा ईमेल कोणीतरी हॅक केलाय.

ही गोष्ट सांगताना लोक स्टीव्हन्सनला संत करून टाकतात. मला ते पटत नाही. ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांचाही यात वाटा आहे. आपल्या लिखाणाने समोरच्या माणसाला भीती वाटते, हे डेरेक यांना त्या संतापामुळेच कळलं, आणि त्यांनी स्वतःही ते पुढे मान्य केलं आहे. नुसती माया मिळाली असती तर विचार बदलायची गरजच पडली नसती. नुसता बहिष्कार पडला असता तर परतीचा रस्ता एकच होता, घरचा. दोन्ही एकाच वेळी मिळालं, हा योग. आणि ज्याच्या जिवावर उठलेली भाषा वापरली गेली, त्यानेच उठून जेवायला वाढावं, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करू नये. स्टीव्हन्सनने ते केलं, ती त्याची मर्जी.

केन मात्र यूट्यूबवरच सुटला. डेस्टिनी आणि काँट्रापॉइंट्स या डावीकडच्या यूट्यूबरांचे व्हिडिओ तो पाहू लागला. मी मांडतोय त्याला हा खोडाच म्हणायचा. पण पाहा, ही दोघं प्राध्यापकी सुरात समजावत नव्हती. तोच तासन्‌तासांचा पसारा, तेच विनोद, तीच भांडणाची रग. आणि केन आधीच्या कंपूतून उठला तो दुसऱ्या कंपूत जाऊन बसला. पोकळीत उडी मारणारा मला अजून दिसलेला नाही.

परतायला आपली माणसं लागतात, हे आपल्या पोलिसांनाही उमगलेलं आहे. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. तेव्हा घरच्यांना पत्ता लागेपर्यंत उशीर झाला होता. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली एक अल्पवयीन मुलगी इंटरनेटवरून त्याच वाटेला लागलेली आढळली, तेव्हा एटीएसने तिला गजाआड न टाकता घरच्यांना आणि मौलवींना सोबत घेऊन तिच्याशी बोलणं चालू ठेवलं. हे शहाणपण एका संघटनेपुरतं, एका धर्मापुरतं राहू नये. बुल्ली बाईच्या पोरांनाही ते लागू व्हायला हवं होतं, अटकेच्या आधी.

आता पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. मुलाच्या तोंडून एखाद्या समाजाबद्दल नवीच शिवी ऐकू आली, तर मोबाइल हिसकावू नका. हिसकावला की त्याच्याजवळ तो कंपू एवढाच आपला उरतो. शिवी खपवूनही घेऊ नका, या घरात हे चालणार नाही असं एकदाच, स्पष्ट सांगा. मग त्याचा जुना मित्र, मामा, कबड्डीचे सर, ज्याचं तो ऐकतो असा माणूस गाठा आणि त्याला वरचेवर घरी बोलवा. पहिल्या काही भेटींत त्या विषयाला हात लावू नका. मात्र कोणाचे फोटो, पत्ते गोळा होताना दिसले, हत्याराची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका, पोलिसांकडे जा.

पुढच्या आठवड्यात : या रागावर पैसा कोण कमावतं?