रेषा दाटतात तिथे

बाझेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे योहान बाल्मर आकड्यांच्या मागे लागणारे गृहस्थ. १८८५ मध्ये, वयाच्या साठीत, त्यांनी हायड्रोजनच्या चार दृश्य वर्णरेषांच्या तरंगलांबी एका सूत्रात बसवल्या. सूत्राप्रमाणे या रेषा एकमेकींजवळ सरकत ३६४.६ नॅनोमीटरला येऊन दाटतात. तिथेच का, हे कुणालाच सांगता येईना.

उत्तर १९१३ मध्ये नील्स बोर यांच्याकडून आलं. रेषा दाटतात त्या सीमेवर इलेक्ट्रॉन अणूच्या पकडीतून सुटतो. हिशेब सोपा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. ३६४.६ ने भागून ३.४ येतात आणि बरेच विद्यार्थी तिथेच फसतात. बाल्मरच्या रेषा इलेक्ट्रॉनच्या दुसऱ्या ऊर्जापातळीशी निगडित. पहिलीवरून दुसरीवर चढायला १२१.६ नॅनोमीटरचा प्रकाश, म्हणजे आणखी १०.२ लागतात. बेरीज १३.६. ही हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सोडवायला लागणारी. १२१.६ ची रेषा हार्वर्डच्या थिओडोर लायमन यांनी टिपली होती, तीही निर्वात उपकरणात, कारण असा अतिनील प्रकाश हवाच गिळून टाकते.

फसण्याची पाळी मोठ्यांवरही आली. १९१४ मध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. ४.९ व्होल्टला प्रवाह घसरला, वाफेतून २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश निघाला आणि भागाकारही तंतोतंत जुळला. हीच पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा, असं दोघांनी ठरवलं. खरा आकडा आहे १०.४. त्यांनी अणू फोडला नव्हता, फक्त वरच्या पातळीवर चढवला होता. हे बोर यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं. नोबेल मात्र याच प्रयोगाला मिळालं, आणि ते योग्यच होतं: पातळ्या खऱ्या असल्याचा इतका थेट पुरावा त्याआधी नव्हता.

१९२० मध्ये मेघनाद साहा यांनी हेच आकडे ताऱ्यांना लावले. कॅल्शियमची ऊर्जा ६.१ म्हटल्यावर अमुक तापमानाला आणि दाबाला त्याचे किती अणू आयन होतील, हे त्यांच्या समीकरणाने सांगता येऊ लागलं. पाच वर्षांनी सेसिलिया पेन यांनी त्याच आधारावर तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचं दाखवलं. त्यावर विश्वास बसायला मात्र वेळ लागला.

२०१३ मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेत अ‍ॅस्टेटाइन या मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा मोजायची पाळी आली. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचाही अर्धायुकाल आठ तासांच्या आसपास. लेसरने इलेक्ट्रॉन सीमेजवळच्या पातळ्यांवर चढवत नेला, दाटत जाणाऱ्या रेषा मोजल्या, आणि आकडा ठरला ९.३१७५१ इलेक्ट्रॉन व्होल्ट.