कादंबरी परदेशी निघाली तर…

मैत्रिणींनो, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मराठीत आली २००६ साली. जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत आणली, २०१३ मध्ये इथं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतही निघाली. उद्या आमच्या मेहकरातल्या एखादीचीही जाईल. पण सही करताना डोळे उघडे हवेत बरं का! भाषांतराचा हक्क मुळात लिहिणारीचा, आणि तो सहीनिशी लेखीच देता येतो. १९५७ चा कायदा सांगतो, करारात मुदत नसेल तर ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील कागदात 'सर्व भाषा, सर्व जग, कायमचे' दिसलं की आधी खोडायला लावा. फ्रेंचचा हक्क वेगळा, जर्मनचा वेगळा. आगाऊ रकमेत आपला वाटा किती, तेही लिहून घ्या. लेखकामागे ६० वर्षं हा हक्क वारसांचा असतो. तेव्हा सासऱ्यांच्या ट्रंकेतले जुने करार रद्दीत घालू नका गं!