पाचव्या महिन्यातला टँकर

विसावा आठवडा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर ती बसलीय. मांडीवर फाइल, हातात पाण्याची बाटली. नाव पुकारलं की पोटावर गारेगार जेल पडेल आणि पडद्यावर बाळ दिसेल. वीतभराहून जरासं लांब, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. एवढंसंच?

थांबा! साडेचार महिन्यांपूर्वी हेच बाळ एक बीजांड होतं. अशी दहा ओळीत मांडली तर कुठे एक मिलिमीटर होणार. तिथून इथवर लांबी वाढली अडीच हजार पट. तीळ याच हिशेबाने वाढला तर दुमजली घराएवढा होईल. आणि वजन? सुमारे साठ कोटी पट! एक रुपया टाकला, साडेचार महिन्यांनी साठ कोटी उचलले. सांगा, कुठली भिशी हे देते?

आता आईकडे या. एरवी तिचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. आता सातेक लिटर. दिवसाचे झाले दहा हजार लिटर. म्हणजे मे महिन्यात सोसायटीच्या दारात येतो तो टँकर. रोज एक, पूर्ण भरलेला! रक्त तेच पाच-सहा लिटर, पुन्हा पुन्हा फिरणारं, हे खरं; पण उपसा तो उपसाच. बाळंतपणाला अजून एकशेचाळीस दिवस आहेत. तेवढ्यात हा मुठीएवढा पंप वीस फूट रुंद, तीस फूट खोल अशा काठोकाठ भरलेल्या पाच विहिरी उपसणार. डिझेल नाही, मोटार नाही. वरखर्चाला रोज साडेतीनशे कॅलरी जास्त, म्हणजे दोन चपात्या, वाटीभर वरण आणि चमचाभर तूप. (‘दोघांचं जेव गं’ म्हणणाऱ्या मावशींनी हे वाचू नये.)

आणि बाळाचं हृदय? मिनिटाला एकशेचाळीस ठोके, दिवसाला दोन लाख. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून पुण्याला टेकते त्या सव्वातीन तासांत सत्तावीस हजार ठोके. तेवढ्याच वेळात आईने तेराशे लिटर ढकललेले. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून वाहायला लागली, आणि गाडी अजून पुण्याला टेकायचीच आहे!

खरी गंमत पुढेच आहे. बाळ मुलगी असेल तर (ते इथे कुणी सांगणार नाही, कायद्याची पाटी भिंतीवर आहेच, आणि ती असायलाच हवी) तिच्या इवल्या बीजकोशांत आत्ता साठ-सत्तर लाख बीजांडं आहेत. 2011च्या जनगणनेतलं पुणे शहर एकतीस लाखांचं. म्हणजे दोन पुणी! बारा डब्यांच्या लोकलमध्ये ऐन गर्दीत पाच हजार माणसं कोंबली, तर बाराशे लोकल लागतील. आयुष्यात तिचा आकडा याच्यावर कधीच जाणार नाही. इथून उतारच. जन्मापर्यंत उरतात दहा-वीस लाख, म्हणजे मिनिटाला वीस तरी गळाली. पुढे आयुष्यभरात पिकतात जेमतेम चारशे. बाराशे लोकलपैकी एकीच्या एका डब्यातली गर्दी! तुम्ही-आम्ही त्याच डब्यातले. ज्या बीजांडापासून आपण झालो, ते आपली आई आजीच्या पोटात असतानाच तयार होतं.

आता श्वास रोखा. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या पुढे बाळं जन्मतात. म्हणजे विसाव्या आठवड्यात असलेल्या बायका या घटकेला चार लाखांच्या वर. तेरा वानखेडे भरतील एवढ्या! प्रत्येकीचा रोज एक टँकर. चार लाख टँकर. चारशे कोटी लिटर! तानसा, भातसा, तिन्ही वैतरणा, विहार आणि तुळशी, असे सात तलाव मिळून अख्ख्या मुंबईला दिवसाला जेवढं पाणी देतात, त्याहून जास्त!

आणि त्या चार लाखांतली एक इथे बाकावर बसून बाटलीतला शेवटचा घोट संपवतेय, कारण सिस्टरने सांगितलंय, पाणी पिऊन या.