पाऊस थांबला तरी डेंग्यू का? बदलते हवामान आणि घरातले डास

“पाऊस जाऊन महिना झाला, आता कसला डेंग्यू?” ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तापाच्या रुग्णाचे नातेवाईक हमखास असे विचारतात. तुम्ही तळवडे, चिखली किंवा चाकण भागात राहत असाल, तर या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरातल्या पाण्याच्या पिंपात सापडू शकते.

हवामान बदलले की डास का वाढतात?

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. डासाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते. त्यामुळे हवा उबदार असली की अळ्या लवकर वाढतात.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू त्याच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोहोचायला २५ ते २८ अंश सेल्सिअसला ८ ते १२ दिवस लागतात. हवा आणखी उबदार झाली की हा काळ कमी होतो. डासाचे आयुष्य काही आठवड्यांचेच असल्याने, वाचलेला प्रत्येक दिवस त्याला आणखी माणसांना चावण्यासाठी मिळतो.

पुण्याच्या आकडेवारीत काय दिसले?

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातील डेंग्यूचे मृत्यू आणि हवामान यांचा एकत्र अभ्यास केला. तो जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यातील सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि थोडा-थोडा, विभागून पडणारा पाऊस ही स्थिती डेंग्यूला पोषक ठरते, असे त्यात दिसले. आठवड्याला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर उलट अंडी आणि अळ्या वाहून जातात.

पोषक पावसाचा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत २ ते ५ महिन्यांनी दिसतो. म्हणूनच पावसाळा ओसरल्यावरही धोका राहतो. तापमानवाढीमुळे पुण्यातील डेंग्यूचे मृत्यू २०४० पर्यंत सुमारे १३ टक्क्यांनी, तर शतकाच्या मध्यापर्यंत २५ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

ऋतूही पूर्वीच्या तारखा पाळत नाहीत. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच पुण्यात आला. एरवी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. “जुलैत बघू” म्हणून थांबलात, तर उशीर झालेला असेल.

नदीतली जलपर्णी की घरातले पिंप?

इंद्रायणीकाठी डास वाढले की लोक जलपर्णीकडे बोट दाखवतात. जलपर्णीत आणि सांडपाण्यात वाढतात ते मुख्यतः क्युलेक्स डास. ते रात्री चावतात, झोप मोडतात, पण डेंग्यू पसरवत नाहीत. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळपूर्वी. तो घराच्या आसपासच जन्मतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येते. त्यामुळे पिंप, बादल्या, टाक्या भरून ठेवणे भागच आहे. त्यात दोष तुमचा नाही. पण उघडे पिंप डासांचे घर होते. वर्कशॉपबाहेरची रिकामी बॅरल, भंगारातले टायर, ताडपत्रीच्या घड्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही तितक्याच धोक्याच्या.

धूर फवारला की काम झाले का?

नाही. धुराने फक्त उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या आणि अंडी तशीच राहतात. एडिस घरात पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो. तिथे धूर पुरेसा पोहोचत नाही. शिवाय तेच ते कीटकनाशक वारंवार वापरल्याने डास त्याला दाद देईनासे होतात. रुग्ण सापडलेल्या ठिकाणी फवारणी उपयोगी आहे, पण ती पाणीसाठ्याच्या सफाईची जागा घेऊ शकत नाही. दम्याचे रुग्ण आणि तान्ह्या बाळांना धुरापासून दूर ठेवा. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका.

घरी नेमके काय करावे?

- आठवड्यातून एक दिवस “कोरडा दिवस” पाळा. पाणी येण्याच्या आदल्या रात्री पिंपात पाणी कमी असते, तेव्हा ते रिकामे करा.
- नुसते ओतू नका, आतून घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात.
- भरलेले पिंप घट्ट झाका. झाकण नसेल तर जाड सुती कापड ताणून बांधा.
- रिकामी करता न येणारी, पिण्यासाठी न वापरली जाणारी टाकी असेल, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला गप्पी माशांबद्दल विचारा.
- दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. बाळाला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा.
- एका खोलीत अनेक कामगार राहत असतील, तर पिंप कोण घासणार याची पाळी ठरवा.

ताप आला तर?

डॉक्टरांना दाखवा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही रक्ततपासणी उपयोगी पडते. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ओआरएस, पेज भरपूर द्या.

ताप उतरला म्हणून लगेच कामावर जाऊ नका. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, खूप सुस्ती किंवा बेचैनी यांपैकी एकही लक्षण दिसले तर रुग्णालय गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

हवामान एकट्याने बदलणे आपल्या हाती नाही. पिंप दर आठवड्याला घासणे मात्र आहे, आणि त्याची सुरुवात पहिल्या वळवाच्या सरीपासून करा.