लोणारच्या वयातलं अधिक-उणे

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार विवराचं वय थर्मोल्युमिनेसन्स (तापवल्यावर खडकातून निघणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीच्या) पद्धतीने आलं ५२ हजार वर्षं, अधिक-उणे ६ हजार. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, खडकात साठलेल्या आरगॉन वायूच्या मोजणीत ते निघालं ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार! मग हे अधिक-उणे खोटं म्हणायचं का? नाही. ते मुख्यतः मोजणीतला विखुरलेपणा सांगतं. सगळी मोजणी एकाच बाजूला सरकवणारी चूक त्यात उमटेलच असं नाही. शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटूनही ०.०२ सेंमी दिसत असेल, तर दहा वाचनांची सरासरी काढा नाहीतर शंभरांची, ते ०.०२ तसंच राहतं. ते वेगळं ओळखून वजाच करावं लागतं.

विज्ञानाला नक्की काही कळत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण दुसरी पद्धत वापरली म्हणूनच तर कुठेतरी चूक असल्याचा संशय आला. थर्मोल्युमिनेसन्सचा साठलेला संकेत काळाच्या ओघात गळला, तर वय कमी भरतं. उलट, विवर घडवणाऱ्या उल्केच्या आघातात वितळलेल्या साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधला आरगॉन पूर्ण निसटला नाही, तर वय फुगतं. २०११च्या संशोधकांनी हा जुना आरगॉन समस्थानिकांच्या गुणोत्तरांवरून ओळखून हिशेबातून वगळला. म्हणून त्यांचा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो.